लोखंडी नांगर आणि ग्राहकाचे मन : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या विक्रीनीतीचा विचार

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) कारखानदार म्हणून सर्वपरिचित आहेत. परंतु बाजारपेठेतील परिवर्तनाचे नेते म्हणूनही त्यांचा विचार होणे आवश्यक आहे.

१८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून त्यांनी व्यवसायास प्रारंभ केला. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. तत्कालीन शेतकरी लाकडी नांगर वापरीत. गावचा सुतार तो घडवी आणि मोडल्यास दुरुस्तही करी. शिवाय लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत रूढ होती. परिणामी पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

या समजुतीस केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्याचे वर्षभराचे धान्य एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने अपरिचित अवजाराबाबत साशंक असणे स्वाभाविकच होते. नांगर फसला तर नुकसान कारखानदारापेक्षा शेतकऱ्याचे अधिक होते. म्हणूनच खरा प्रश्न किमतीचा नव्हता, विश्वासाचा होता.

१९१० मध्ये औंध संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखाना व ग्राहक यांच्यातील संवादाचे साधन म्हणून जन्मलेले हे नियतकालिक कालांतराने मराठी वाचकांच्या सामाजिक व वाङ्मयीन चर्चेचे व्यासपीठ बनले.

सारांश, ग्राहकाच्या शंकेला विरोध न मानता त्याची जोखीम समजून घेणे, हाच येथे विक्रीवृद्धीचा पाया ठरतो.