इंजिनातली चेन: लॉक लावायचं, रिबीट मारायचं, की अख्खं इंजिन खोलायचं?

मागच्या भागानंतर लातूरच्या एका श्रोत्यानं प्रश्न पाठवला. प्रश्न छोटा आहे, पण त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. प्रश्न असा: "दादा, इंजिनाच्या आतली बॅलन्सर चेन तुटली तर मागच्या चेनसारखी लॉक टाकून जोडता येते का?"

उत्तर आधी सांगून टाकतो. लॉक टाकून नाही. रिबीट मारून जोडता येते, पण तीही सगळीकडे नाही. का, ते समजायला आधी ही चेन इंजिनात शिरली कशी ते बघू.

सिंगल सिलिंडरचं इंजिन घ्या. सहा हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो. म्हणजे पिस्टन सेकंदाला २०० वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. या झटक्यांना तोंड द्यायला क्रँकवर वजन टाकतात. पण पिस्टन सरळ वर-खाली जातो आणि वजन गोल फिरतं. त्यामुळे पूर्ण वजन टाकलं तर वर-खालीचा झटका जातो आणि तेवढाच पुढे-मागे सुरू होतो. म्हणून साधारण निम्मं टाकतात आणि उरलेलं हँडल, फूटरेस्ट आणि आपली कंबर सोसते. ज्यांनी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरपर्यंत जुनी बुलेट चालवलीय त्यांना हे मी सांगायची गरज नाही. उतरल्यावर अर्धा तास बोटं झिणझिणतात.

उरलेला निम्मा झटका मारायचा तर क्रँकच्या उलट दिशेनं, तेवढ्याच वेगानं दुसरं वजन फिरवायचं. उलट फिरणाऱ्या वजनांची ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती मोटारीच्या इंजिनांसाठी मांडली होती. मोटरसायकलवाल्यांनी मात्र ती फार उशिरा मनावर घेतली.

१९७२ मध्ये यामाहानं टीएक्स७५० आणली. दोन सिलिंडर, दोन्ही पिस्टन एकदमच वर आणि एकदमच खाली. म्हणजे झटक्याच्या हिशोबानं हा मोठा सिंगलच. त्यांनी क्रँकच्या खाली बॅलन्सरची वजनं बसवली आणि ती चेननं फिरवली. जाहिरातीत नाव भारी होतं, ऑम्नी-फेज बॅलन्सर. गाडी खरंच मऊ चालायची. पण सतत जोरात पळवली की ही वजनं ऑईल घुसळून त्याचा फेस करायची. रवी ताकात फिरते तसं. ऑईलच्या जागी फेस पंपात गेला की क्रँकची बेअरिंग कोरडी पडणार. वरून चेन ढिली झाली की वजनं वेळेच्या मागे पडायची, आणि व्हायब्रेशन मारायला बसवलेली वस्तूच व्हायब्रेशन वाढवायची. यामाहानं सम्प खोल केला, ऑईल कूलर दिला, चेनला ॲडजस्टर दिला. तोवर नाव गेलं होतं. दोन-तीन वर्षांत मॉडेल बंद.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की बाकीच्या कंपन्यांनी चेन सोडली नाही. १९७४ ला कावासाकीची झेड४०० आली, ७०च्या दशकाच्या शेवटी होंडाची सीबी४००टी आणि एक्सएल५००एस. सगळ्यांत चेनवरचे बॅलन्सर. कारण साधं आहे. क्रँकच्या पुढे एक आणि मागे एक अशी दोन वजनं फिरवायची, तर मधलं अंतर गिअरनं भरायला जास्त गिअर, जास्त खर्च, जास्त आवाज. एकच चेन दोन्ही वजनांभोवती गुंडाळायची आणि क्रँकचा स्प्रॉकेट तिच्या बाहेरच्या बाजूला लावायचा. झालं, दोन्ही वजनं आपोआप उलटी फिरतात. हुशारीचं काम आहे.

किंमत एकच: चेन झिजते. आपण म्हणतो "चेन ताणली", पण लोखंड ताणलं जात नाही, पिना आणि बुश झिजतात. हिशोब करा. १०० कड्यांची चेन, प्रत्येक जोडात ०.०५ मिलिमीटर झीज, एकूण ५ मिलिमीटर. कडीची पिच ६.३५ असेल तर जवळपास एका दात्याचा फरक! म्हणून टेन्शनर लागतो. कावासाकीच्या केएलआर६५० मध्ये, जी १९८७ पासून बनली, त्या टेन्शनरची पट्टीच मोडायची आणि तुकडे इंजिनात पडायचे. अमेरिकेतल्या मालकांनी शेवटी बाजारात जाड पट्टी बनवून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, नांदेड-लातूरला यातली एक तरी गाडी होती का? जवळजवळ नाहीच. बाहेरून आणलेली एखादी असेल. आपल्याकडे रस्त्यावर राजदूत, येझदी, बुलेट. परदेशी गाडीला दार बंद होतं. ८०च्या दशकात जपानी कंपन्या भागीदारीतून आल्या त्या १०० सीसी घेऊन. यामाहाची आरएक्स१०० आणि हिरो होंडाची सीडी१०० या १९८५ च्या. त्याच वर्षी इकडे बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि १९८६ ला कावासाकीच्या साथीनं केबी१०० आली. म्हणजे ज्या कावासाकीनं बॅलन्सर चेन वर्षानुवर्षं वापरली, तीच कंपनी आपल्याकडे आली, पण चेनशिवाय. १०० सीसीचा पिस्टन एवढा हलका की त्याचा झटका माणूस सहन करतो. पुढे मोठी इंजिनं आली तेव्हा बॅलन्सर गिअरवर गेला होता. २०१६ च्या रॉयल एनफिल्ड हिमालयनमध्ये तो आहे, २०२० च्या मिटिऑर ३५० मध्ये आहे. चेनचा जमाना आपल्याला चुकवून गेला.

पण इंजिनाच्या आतली चेन आपल्याला नवी नाही. जुन्या बुलेटची प्रायमरी चेन दुहेरी आणि अखंड, म्हणजे एंडलेस. तिला जोडच नाही. बदलायची तर क्लच आणि पुढचा स्प्रॉकेट एकदम बाहेर काढावा लागतो. आणि सीडी१०० बरोबर टायमिंग चेन घराघरात आली. नांदेडला इतवाऱ्याच्या बाजूला एका चाचांच्या गॅरेजात मी हे काम बघितलंय. एक शेतकरी घाईत होता, म्हणाला, "चाचा, कापून जोडून द्या ना, मला सांजच्याला गावाकडं जायचंय." चाचा मॅग्नेटचा नट खोलत म्हणाले, "मामा, कापायचं कामच नाही. मॅग्नेट काढलं की खालून निघायलीय ती." आणि निघाली. अर्ध्या तासात नवी एंडलेस चेन आत.

मुद्दा हाच आहे. आधी बघायचं की अखंड चेन जाते का. जात असेल तर जोडाचा विचारच करायचा नाही. जिथं स्प्रॉकेट क्रँकच्या मधोमध, दोन बेअरिंगच्या मध्ये आहे, तिथं अखंड चेनसाठी क्रँककेस दुभंगावी लागते. तिथं माणसाला कापून जोडायचा मोह होतो. आमच्या धंद्यात चालू सर्व्हरवर पॅच मारतात, तसला मोह.

तसं करायचंच असेल तर नीट. जुनी चेन कापण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळवायच्या. क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, म्हणजे कापलेली पिन आत पडणार नाही. नव्या चेनचं टोक जुनीला तारेनं बांधायचं आणि क्रँक हातानं हळूहळू फिरवत ओढून घ्यायची. दोन्ही टोकं ताणून धरायला दुसरा माणूस हवाच. जोडकडी त्याच चेन कंपनीची, त्याच नंबरची, रिबीटची. तिच्या पिनांची टोकं मुद्दाम मऊ ठेवलेली असतात, म्हणून ती टूलनं दाबली की फुलासारखी पसरतात. साध्या कडक पिनेवर हातोडी मारली तर टोकाला तडा जातो, आणि तो तडा तुम्हाला दिसणार नाही.

लॉक का नाही? मागच्या चेनचं लॉक उडालं तर चेन रस्त्यावर पडते, आपण शिव्या देतो आणि गाडी ढकलतो. आत उडालं तर जायला जागा नाही. पत्रा गिअरमध्ये किंवा चेन क्रँकभोवती. क्रँक जाम म्हणजे मागचं चाक जाम. मागची चेन रोज दिसते, आतली कुणी बघत नाही.

चेन निवडताना नंबर वाचा. पहिला अंक पिचचा, इंचाच्या आठव्या भागात. मागच्या चेनचा ४२८ म्हणजे ४/८, अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. आतल्या २५ नंबरचा २ म्हणजे पाव इंच, ६.३५. पण पिच जुळली म्हणजे चेन जुळली असं नाही. ४२० आणि ४२८ ची पिच एकच, रुंदी वेगळी. शिवाय २५ नंबरला रोलर नसतो, बुश थेट दात्यावर बसतो. फिरत्या रोलरची चेन १८८० मध्ये हान्स रेनॉल्डनं मँचेस्टरला काढली, आणि त्याचा धंदा आधी सूतगिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवायचा होता. उस्मानशाही मिलच्या नांदेडला हे सांगताना मला उगाच बरं वाटतं.

कड्या मोजा, जुन्या चेनच्या तेवढ्याच. संख्या समच येते, कारण आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून असते. विषम आली तर मोजणी चुकली. वाकडी अर्धी कडी घालून भागवणं तर आत नकोच. आणि दाते टोकदार झाले असतील तर नवी चेन त्यांच्यावर टाकू नका, स्प्रॉकेटही बदला.

मग बॅलन्सरच्या खुणा. वजन एक दाता चुकलं तरी गाडी सुरू होते, म्हणून हे लक्षात येत नाही. किक मारण्याआधी क्रँक हातानं पूर्ण फिरवा, एकदा नाही, दोन-चारदा. प्रत्येक वेळी खुणा परत जुळल्या पाहिजेत. कुठं अडलं तर जोर लावू नका, कव्हर परत काढा.

लातूरच्या मित्रा, तुझी गाडी कुठली ते लिहिलं नाहीस. इंजिन नंबर असलेल्या बाजूचा फोटो पाठव. पुढच्या भागात राजदूत १७५, आणि ती मुळात पोलंडच्या एसएचएल या गाडीवरून कशी आली ते.