प्रोग्राम : चालवायचा की वाचायचा?

प्रोग्राम कसा चालतो हे सांगणारी टिपणे बहुधा शेवटी लिहिली जातात, आणि बरेचदा राहूनच जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनल्ड कनूथ यांनी हा क्रम बदलून पाहिला. १९८४ साली एका लेखात त्यांनी सुचवले, की प्रोग्राम हा माणसाने वाचायचा निबंध आहे असे समजून लिहावा. स्पष्टीकरण आणि आज्ञा एकाच फाइलमध्ये, समजायला सोप्या क्रमाने ठेवाव्यात. मग 'टँगल' हे साधन त्यातल्या आज्ञा संगणकाला हव्या त्या क्रमाने लावते, तर 'वीव्ह' छापण्याजोगा मजकूर तयार करते. अक्षरजुळणीचा 'टेक्' हा त्यांचा प्रोग्राम असाच लिहिलेला आहे. १९८६ साली तो पुस्तकरूपाने निघाला.

त्याच वर्षी जॉन बेंटली यांनी या पद्धतीची जाहीर परीक्षा घेतली. प्रश्न होता : मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द शोधा. कनूथ यांचे उत्तर कित्येक पानांचे झाले. समीक्षक डग मॅकिलरॉय यांनी मांडणी वाखाणली, पण तयार साधने एकमेकांना जोडून तेच काम सहा ओळींत करून दाखवले!

मग कनूथ हरले का? या सहा ओळी चालतात, कारण त्यांमागची साधने कोणीतरी आधीच लिहून ठेवली आहेत. ती आतून कशी चालतात, हे त्या ओळी सांगत नाहीत.

तेरच्या किंवा परंड्याच्या शाळेत भागाकाराने मसावि काढायला शिकवताना हेच घडते. रीत चार ओळींत मावते. ती बरोबर का, हे सांगायला मात्र अख्खा तास लागतो. तो तास वाचवावा का?