नळीत धरलेलं मॉलिब्डेनम

मुंबईहून संध्याकाळच्या पंजाब मेलमध्ये ठेवलेली वस्तू भोपाळला पोचायला साधारण चौदा तास लागतात. उभा जन्म न्यूक्लिअर मेडिसिनच्या खोलीत टेक्नॉलॉजिस्ट म्हणून गेल्यामुळे अंतर अर्धायुकालात मोजायची माझी खोड अजून गेलेली नाही. चौदा तासांत फ्लुओरिन-१८ दोनशेत एक भाग उरतं. त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटांचा. टेक्नेशियम-९९एमचा सहा तासांचा, म्हणून ते पाचवा हिस्सा उरतं. मॉलिब्डेनम-९९चा मात्र ६६ तासांचा. गाडीतून उतरताना ते ८६ टक्के शाबूत असतं. शरीरात सोडून बाहेरून कॅमेऱ्यानं टिपायच्या किरणोत्सारी औषधांचा निम्मा इतिहास या तीन आकड्यांत आहे. उरलेला निम्मा, ही निसटती द्रव्यं कशाला बांधून ठेवायची याचा.

मी जवाहर चौकाजवळ राहतो. वडील १९५६ साली नागपूरहून इथे आले. नागपूरची राजधानी गेली, १ नोव्हेंबरला भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर पुष्कळ मराठी कारकूनही इकडे आले. त्यांच्यासाठी जी वस्ती उभी राहिली तिला नाव तात्या टोपे नगर. इथले लोक टी.टी. नगरच म्हणतात. तिथली जुनी सरकारी घरं स्मार्ट सिटीच्या कामात पाडली गेली. १९५६ मध्येच ४ ऑगस्टला तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. वडिलांना तिचं काही सोयरसुतक नव्हतं; माझं पोट पुढे तिच्याच वंशावळीवर चाललं.

टेक्नेशियम सापडलं १९३७ मध्ये. बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये भाजून निघालेला मॉलिब्डेनमचा पत्रा भौतिकशास्त्रज्ञ सेग्रेनं इटलीत पालेर्मोला मागवला आणि सहकारी पेरियेबरोबर त्यातून हे मूलद्रव्य वेगळं केलं. औषध म्हणून त्याचा रस्ता उघडला तो १९५०च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत. वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी ॲल्युमिनाची बारीक पूड नळीत भरली, तिला मॉलिब्डेनम-९९ चिकटवलं आणि वरून द्रावण सोडलं. मॉलिब्डेनम पुडीला धरून राहिलं, त्याच्यापासून जन्मलेलं टेक्नेशियम तेवढं खाली उतरलं. पुढे या कामाला साधं सलाइन पुरू लागलं. दुसऱ्या दिवशी नळीत पुन्हा टेक्नेशियम साठलेलं. जगभरचे टेक्नॉलॉजिस्ट या नळीला गाय म्हणतात आणि सकाळच्या कामाला दूध काढणं. गंमत अशी, की या पद्धतीचं पेटंट घ्यायचं नाही असं तिथल्या सरकारी खात्यानं ठरवलं. टेक्नेशियमला बाजार असेल असं त्यांना वाटत नव्हतं!

आपल्याकडे ही गाय उशिरा आली, आणि त्याचं कारण आळस नव्हे. ॲल्युमिना एका ग्रॅमला जेमतेम वीसेक मिलिग्रॅम मॉलिब्डेनम धरतं. परदेशात मॉलिब्डेनम-९९ युरेनियमच्या विखंडनातून काढत. ते इतकं तेज, की चिमूटभर पुरे. ट्रॉम्बेच्या भट्ट्यांत, १९६० सालच्या सायरसमध्ये आणि १९८५ सालच्या ध्रुवमध्ये, साधं नैसर्गिक मॉलिब्डेनम न्यूट्रॉनांखाली ठेवत. त्यातला बहुतेक माल थंडच राहायचा. तो ॲल्युमिनाला बांधायचा तर नळीचा पिंप करावा लागला असता.

म्हणून आम्ही नळी सोडली आणि बाटली धरली. ट्रॉम्बेहून, आणि १९८९ मध्ये विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे 'ब्रिट', स्थापन झाल्यावर त्यांच्याकडून, शिशाच्या डब्यात सोडियम मॉलिब्डेटचं द्रावण यायचं. सकाळी ते कॉस्टिकनं चांगलं अल्कधर्मी करायचं आणि त्यात मिथाइल इथाइल कीटोन घालायचं. आमच्या बोलीत एमईके. मिश्रण ढवळून स्थिर होऊ दिलं, की टेक्नेशियम वरच्या थरात आणि मॉलिब्डेनम खाली. वरचा थर अलगद काढून ॲल्युमिनाच्या छोट्या नळीतून गाळायचा, एमईके उडवून द्यायचं, तळाशी न दिसणारं जे उरेल ते सलाइनमध्ये घ्यायचं, निर्जंतुक करायचं. मग डोस कॅलिब्रेटर, मग मूत्रपिंडासाठी डीटीपीए आणि हाडांसाठी एमडीपीच्या कुप्या. एमईके रंगाच्या थिनरमध्येही असतं. नवा रंग दिलेल्या घरात गेलो की मला अजून कामावर आल्यासारखं वाटतं.

परदेशी पाहुणे ही पद्धत बघून भुवया उंचावत. आगीला भिऊन राहावं लागे, हातांना डोस जास्त बसे, हे खरंच. पण युरेनियमच्या विखंडनाची सोय हाती नसताना देशातल्या रुग्णालयांना रोजचं टेक्नेशियम त्या बाटलीनं पुरवलं. परळला १९६३ मध्ये उभ्या राहिलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांचे हात या कामावर बसले. मला ती पद्धत ओबडधोबड वाटत नाही. भट्टी जशी होती तशी रसायनशास्त्रानं तिच्याशी केलेली ती तडजोड होती.

ॲल्युमिनाच्या अपुऱ्या पकडीवर पुढे निघालेला तोडगा मला फार आवडतो. पूड मॉलिब्डेनम धरत नसेल, तर मॉलिब्डेनमचीच पूड करा. त्याचा झिर्कोनियमशी साका बनवायचा, वाळवायचा, कणी करून नळीत भरायची. वजनाचा साधारण पाव हिस्सा मॉलिब्डेनमच. कल्पना ऑस्ट्रेलियातली, ऐंशीच्या दशकातली. 'ब्रिट'नं ती २००० नंतर 'जेलटेक' नावानं आणली. २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे बंद पडली आणि जगभर टेक्नेशियमचा दुष्काळ पडला, तेव्हा घरच्या भट्टीतल्या अशा मालाची किंमत कळली.

तोवर परळला, २००२ मध्ये, देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला होता आणि आमच्या धंद्यात फ्लुओरिन-१८ शिरलं होतं. त्यापासून एफडीजी, म्हणजे खूण लावलेली साखर, बनवतात. इथेही घन पदार्थच कामाला. महागड्या ऑक्सिजन-१८च्या पाण्यातून फ्लुओराइड एका बोटभर कार्ट्रिजमधल्या रेझिनवर अडकवायचं आणि पाणी परत मिळवायचं. मग ते क्रिप्टोफिक्स नावाच्या रसायनाच्या मदतीनं सोडवून साखरेच्या रेणूला जोडायचं. क्रिप्टोफिक्स विषारी; तयार मालात ते उरलं नाही ना, हे दर वेळी तपासावं लागतं. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी १९९० मध्ये रेझिनवरच अभिक्रिया घडवून त्याची गरजच काढून टाकली. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या रसायनज्ञांनी उलटं केलं: कच्चा रेणूच रेझिनला बांधला. फ्लुओराइड येऊन धडकलं की खूण लागलेला रेणू तेवढा सुटतो, बाकीचा कचरा दाण्यांवरच राहतो. कल्पना इतकी देखणी, की ती रोजच्या कामात रुळेल असं मला वाटलं होतं. पण एफडीजी बनवायच्या यंत्रांत बसवायच्या तयार कॅसेटचा धंदा तोवर पक्का झाला होता.

भोपाळसारख्या आतल्या गावाला मुंबईचं एफडीजी विमानानं मागवलं आणि दारापासून दारापर्यंत पाच तास धरले, तर सहावा-सातवा हिस्सा हाती लागतो. त्यापेक्षा गॅलियम-६८ची नळी मला व्यवहार्य वाटते. टायटॅनियम डायऑक्साइडला धरून बसलेलं जर्मेनियम-६८, अर्धायुकाल २७१ दिवस. वरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं, की ६८ मिनिटांचं गॅलियम खाली. एकदा घेतली की नऊ-दहा महिने रोजचं दुभतं घरात. फक्त तिचं कोटेशन आलं, की रुग्णालयाचे हिशेबनीस खुर्चीत सरळ होऊन बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, पेशंट किती येतील?