उन्हाचा मालक कोण?

गेल्या वर्षी बेळगावात नवे घर बांधावयास काढले, तेव्हा न्हाणीघरातील पाणी कशाने तापवावे, हा प्रश्न आमच्या घरात पुष्कळ दिवस चर्चिला गेला. मातोश्रींचा कौल तांब्याच्या बंबाला, मुलांचा विजेच्या गीझरला आणि माझा गच्चीवरील सौर बंबाला. अखेर माझे मत मान्य झाले. परंतु दक्षिणेकडील जागा अद्याप मोकळी आहे. उद्या तेथे तीन मजले चढले, तर माझ्या बंबाच्या काचेवर ऊन पडेल काय? ही शंका मला कायद्याच्या इतिहासात घेऊन गेली.

शंका जुनीच आहे. प्राचीन रोममध्ये संपन्न गृहस्थ उन्हाने उबदार राहणारी खास खोली बांधीत. तिला ‘हेलिओकामिनस’, म्हणजे सूर्याची भट्टी, म्हणत. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा विधिज्ञ उल्पियन याने प्रकाश आणि ऊन यांत मार्मिक भेद केला. प्रकाशाच्या हक्काने बांधलेल्या शेजाऱ्याच्या झाडाने केवळ नको असलेले ऊन अडविले, तर तक्रार नाही. पण जेथे उन्हाची गरजच आहे अशा खोलीवर सावली पडली, तर हक्काचा भंग होतो. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या ‘डायजेस्ट’ या संग्रहात हे मत समाविष्ट झाले.

इंग्रजी कायद्याने मात्र खिडकीतून येणाऱ्या प्रकाशापुरतेच पाहिले. तोच विचार आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आला, आणि १८९१ साली तो मुंबई इलाख्यास, म्हणजे बेळगावासही, लागू झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप याने सौर बंबाचे पेटंट घेतले. काचेच्या झाकणाखाली काळ्या रंगाच्या टाक्या, एवढीच ती रचना. पाणी रात्री निवून जाई. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने उष्णता घेणारा भाग आणि टाकी वेगळी केली व टाकी वर ठेवून तिला उष्णता न जाऊ देणारे आवरण घातले. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे. आजही अनेक गच्च्यांवर हेच तत्त्व काम करते.

यंत्र सुधारले, हक्क मात्र अनिश्चितच राहिला. १९५९ साली मायामी बीचवरील एका हॉटेलच्या चौदा मजली वाढीव इमारतीची सावली शेजारच्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर पडू लागली. फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने सांगितले की, उन्हावर कोणाचाही हक्क नाही. १९७७ साली न्यू मेक्सिको राज्याने मात्र पाण्याप्रमाणेच उन्हालाही प्रथम वापरणाऱ्याचा हक्क दिला. आणि १९८२ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्राह विरुद्ध मरेटी’ या खटल्यात, सौर घरावर सावली पाडणे हा उपद्रव ठरू शकतो, असे म्हटले. सतरा शतकांनंतर उल्पियनचीच ती गरजेची कसोटी पुन्हा अवतरली.

आपला कायदा वीस वर्षांच्या उपभोगानंतर प्रकाशाचा हक्क देतो, पण तोही इमारतीच्या झरोक्याला. गच्चीवरील काच म्हणजे झरोका, असा युक्तिवाद मी अशिलासाठी अवश्य करीन. स्वतःचे घर मात्र त्याच्या भरवशावर बांधणार नाही. डिसेंबरच्या अखेरीस बेळगावात मध्यान्हीचा सूर्य सुमारे ५१ अंशांवर असतो. बंबाच्या पातळीहून दहा फूट उंच गेलेल्या भिंतीची सावली तेव्हा आठ फूट पडते. सकाळी त्याहून लांब. म्हणून बंब दक्षिणेच्या कठड्यापासून शक्य तितका मागे घेतला, आणि शेजाऱ्यांनी ठरावीक उंचीपुढे त्या बाजूस बांधू नये, अशा नोंदणीकृत कराराचा मसुदा मोबदल्यासह तयार केला.

तो घेऊन गेलो, तेव्हा शेजारी हसून म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, सूर्य देवाचा. त्याला कागद कशाला?’’

मी म्हटले, ‘‘काका, सूर्य देवाचाच, सावली मात्र तुमची-आमची.’’

मसुदा त्यांनी ठेवून घेतला आहे. होकार अद्याप आलेला नाही. तूर्त पाणी तापते आहे.