कढी कळकली तेव्हा : आपल्या घरातल्या कल्हईची गोष्ट



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं पितळेचं गाठोडं खाली काढलं. चार पातेली, दोन पराती, एक तपेलं आणि एक गंज. काठावर सासूबाईंचं नाव कोरलेलं. पुण्याहून आलेली सून म्हणाली, "आई, हे मोडीत नका देऊ. मी घेऊन जाते. आता सगळे पुन्हा पितळेत स्वयंपाक करतात."

मी म्हटलं, "ने बाई, पण आधी कल्हई करून घे."

तिने विचारलं, "कल्हई नाही केली तर काय होतं?"

काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. माझं लग्न नवीन होतं. पर्युषणाचे दिवस, घरात चार एकाशनवाले, आणि कढी माझ्याकडे होती. याच गंजात केली. ताटं मांडेपर्यंत कढीला हिरवट झाक आली आणि जिभेवर ठेवताच मळमळलं. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "कळकली गं." सगळी कढी टाकावी लागली. एकाशनाची वेळ, दुसरं काही करायलाही उसंत नव्हती. त्या रागावल्या नाहीत. मागच्या दारी नेऊन त्यांनी मला गंजाचा तळ दाखवला. कडेला चांदीसारखी कल्हई होती, पण मधे पिवळं पितळ उघडं पडलं होतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताक, चिंच, टोमॅटो, लिंबू यांतलं आम्ल आणि हवेतला प्राणवायू मिळून तांबं हळूहळू विरघळवतात. त्याचेच हिरवे क्षार होतात, त्यांना जंगाल म्हणतात. ते पोटात गेले की मळमळ, उलटी, पोटात कळा. लोखंड गंजतं तसंच हे तांब्या-पितळेचं झिजणं. आपल्या बायकांनी त्याला 'कळकणं' असा वेगळा शब्दच ठेवला, कारण त्याची पहिली खबर जिभेलाच लागते.

यावरचा उपाय फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा ग्रंथकार होऊन गेला. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा लेप दिला की पदार्थाची चव सुधारते आणि जंगाल धरत नाही, असं त्याने नोंदवलं आहे. त्याच शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं एक व्यापारी पुस्तक आहे. भरुच बंदरात परदेशातून काय काय उतरतं याची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत तांबं, कथील आणि शिसं आहे. भरुचपासून 20 दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेकडे आणखी 10 दिवसांवर तगर, म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असंही त्यात लिहिलं आहे. नकाशावर पैठण आणि तेर सरळ रेषेने जोडून पाहा. ती रेषा आपल्या बीड शहराच्या अगदी जवळून जाते!

कथील आपल्या भागात निघत नाही, ते नेहमी बाहेरूनच आलं. पुढे अरबी व्यापारी ते मलायाकडून आणू लागले. अरबीत कथलाला 'कलई' म्हणतात, आणि हे नाव मलायाच्या बाजूच्या 'कलह' नावाच्या बंदरावरून पडलं असं मानतात. म्हणजे दारात "कल्हईऽऽ" अशी हाक यायची, त्या हाकेत एका दूरच्या बंदराचं नाव होतं.

ज्यांनी कल्हईवाला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तो अंगणात खड्डा करून कोळसे पेटवायचा आणि भाता लावायचा. भांडं घासून तापवायचं, मग त्यात नवसागर टाकायचा. भसकन पांढरा धूर निघे. आम्हा मुलांना तो धूर म्हणजेच गंमत वाटायची, पण खरं काम तोच नवसागर करायचा. तापल्यावर त्यातून निघणारं आम्ल भांड्यावरचा काळपट थर खाऊन टाकतं आणि धातू स्वच्छ होतो. धातू स्वच्छ नसेल तर कथील चिकटतच नाही. कथील 232 अंशांना वितळतं, तांबं 1085 अंशांना. म्हणून भांड्याला धक्का न लागता कथील पाण्यासारखं पसरतं. कापसाच्या बोळ्याने ते झरझर फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. चर्र!

हा थर कागदापेक्षाही पातळ असतो. म्हणून तो झिजतो आणि पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

लोखंडालाही असेच लेप देतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा. तेलाचा पंधरा किलोचा डबा हा कथलाचा पातळ लेप दिलेला लोखंडी पत्रा असतो. त्याला ओरखडा पडला की आतलं लोखंड उलट लवकर गंजतं. जस्ताचा लेप दिलेली बादली मात्र ओरखडा पडला तरी टिकते, कारण जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या इंजिनिअरने 1837 साली या लेपाचं पेटंट घेतलं.

मग आलं स्टील. 1913 साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेलं न गंजणारं पोलाद बनवलं. हवा लागली की त्यातल्या क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो, आणि ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो. म्हणजे स्टीलची कल्हई स्टीलच्याच अंगात असते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत सेलमच्या सरकारी कारखान्यातही स्टेनलेसचा पत्रा निघू लागला. घरोघरी पितळ मोडीत गेलं, त्याच्या बदल्यात चकचकीत डबे आले. कढी टाकावी लागली त्याच वर्षी आमच्याकडेही स्टीलची पातेली आली. सासूबाईंनी पितळ मात्र विकलं नाही. त्यांनी ते गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलं.

आता पितळ परत येतंय, चांगलंच आहे. पण कल्हईचं ज्ञान त्याच्याबरोबर परत आलेलं नाही, म्हणून चार गोष्टी सांगते.

कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट शिजवू नका आणि ठेवूही नका. पंचामृत अभिषेकाला तांब्याचा कलश घेत असाल तर दही त्यात आधीपासून काढून ठेवू नका. शोभेच्या पितळी भांड्यांवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर मारलेलं असतं, ती भांडी स्वयंपाकाची नव्हेत. कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, थर वितळतो. तारेच्या घासणीनेही घासू नका. आणि कथील शुद्ध हवं. ते महाग म्हणून त्यात शिसं मिसळतात, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक असतं. शुद्ध कथलाची कांब वाकवली की करकर आवाज येतो. शिसं कागदावर घासलं तर करडी रेघ उमटते. कल्हईवाल्यासमोर उभं राहून पाहा, यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन आठवडे विचारपूस केल्यावर मंदिरातल्या एका बाईंच्या ओळखीने एक म्हातारे कल्हईवाले सापडले. सून चारही पातेली पुण्याला घेऊन गेली. गंज मात्र मी ठेवून घेतला. येत्या पर्युषणात कढी त्यातच करणार आहे.