क्रोमियम प्रदूषणाचे जीवाणुजन्य निर्विषीकरण
विषारी, पाण्यात विरघळणाऱ्या षट्संयुजी क्रोमियमचे जीवाणूंकरवी कमी विषारी त्रिसंयुजी रूपात रूपांतर करण्याची पद्धत (पहा : क्षपण). रोमानेन्को व कोरेन्कोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1977 मध्ये असे क्षपण करणाऱ्या स्यूडोमोनास जीवाणूची नोंद केली. षट्संयुजी क्रोमियमच्या क्रोमेट आयनाची रचना सल्फेटसारखी असल्याने तो सल्फेटच्याच वाटेने पेशीत शिरतो. तेथे क्रोमेट रिडक्टेज एंझाइम (पहा : एंझाइमे) त्याला इलेक्ट्रॉन पुरवते. पिवळसर द्रावणातून उदासीन सामूला हिरवट हायड्रॉक्साइडाचा साका खाली बसतो. कॅलिफोर्नियातील हिंकली येथे क्रोमियमने दूषित भूजलात एथेनॉल सोडून तेथलेच जीवाणू पोसण्यात आले. धातू मात्र नष्ट होत नाही. मातीतील मँगॅनीज ऑक्साइडे त्याला पुन्हा षट्संयुजी करू शकतात. भारतात ओडिशातील सुकिंदा खोऱ्यातील क्रोमाइट खाणींच्या सांडपाण्यासंदर्भात ही पद्धत महत्त्वाची आहे (पहा : जैवोपचार, क्रोमियम).