डांगी गोवंश : नाव, भूमी आणि मोजमाप

महाराष्ट्रातील गोवंशांची नावे एकाच रीतीने पडलेली नाहीत. देवणी व लाल कंधारी ही नावे स्थानांवरून आली; गवळाऊ हे पाळणाऱ्या गवळ्यांवरून; ‘खिल्लार’ या शब्दाचा तर मूळ अर्थच गुरांचा कळप. डांगी हे नाव या सर्वांहून निराळे आहे. ते एका गावाचे नाही, ज्ञातीचेही नाही. ते भूप्रकाराचे नाव आहे. त्याचा अर्थ नीट लावल्यास या गोवंशाच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते, असे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘डांग’ म्हणजे डोंगराळ, रानाने व्यापलेला मुलूख. अकोले व इगतपुरी तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यास तेथील लोक ‘डांगाण’ म्हणतात. १९६० साली गुजरात राज्यात गेलेल्या डांग जिल्ह्यावरून या गोवंशास नाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. ते अपुरे होय. जिल्ह्याच्या नावात आणि गोवंशाच्या नावात एकच सामान्यनाम आहे. आणि त्या सामान्यनामाचा प्रदेश जिल्ह्याच्या, किंबहुना राज्याच्याही सीमा मानीत नाही. सह्याद्रीच्या ज्या भागात पाऊस आणि भातशेती आहे, त्या नाशिक, अहिल्यानगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यांत हे जनावर महादेव कोळी, ठाकर, कानडी आदी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले.

जनावराच्या शरीरावरून याच अर्थास पुष्टी मिळते. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो व त्यामुळे पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे व अतिशय टणक. खडकाळ उतारावर आणि भातखाचरांच्या चिखलात ते टिकतात. चाल संथ, परंतु चिखलणीस व लाकडाच्या ओढकामास बैल दमदार. डांगाणाने जे मागितले, ते या जनावराने दिले.

शहराची मागणी वेगळी होती. मुंबईतील तबेल्यांतल्या म्हशी हलविण्यासाठी १९४९ साली बोरीवलीच्या दक्षिणेस, गोरेगावनजीक आरे दुग्धवसाहत उभी राहिली. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धविकासाच्या ‘ऑपरेशन फ्लड’ या योजनेने शहरांची दुधाची गरज देशव्यापी धोरणाचा विषय केली. नागरी आरोग्य व पोषण यांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु त्याबरोबर जनावराचे मोल लिटरांत मोजण्याची सवय दृढ झाली. एका वेतात सरासरी सुमारे ४३० किलो दूध देणारी डांगी गाय या मापाने क्षुल्लक ठरते. तिच्या बैलाचे पावसातील श्रम मात्र कोणत्याच दूधकेंद्राच्या वहीत उतरत नाहीत.

येथे आल्प्स पर्वतातील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातील तारांतेझ ही गाय आपल्या खोऱ्याचेच नाव धारण करते. तेथील बोफोर या चीजला १९६८ साली उगमस्थानदर्शक नामाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. ते चीज तारांतेझ व आबोंदांस या दोनच जातींच्या गायींच्या दुधाचे असावे, असा नियम आहे. तेथे भूमीचे नाव पदार्थास मिळाले आणि पदार्थाच्या किमतीतून डोंगरी गायीचा सांभाळ होऊ लागला. डांगीचे मोल श्रमात आहे. श्रम बाजारात अशा रीतीने विकता येत नाहीत. हा भेद लक्षात न घेता केलेले अनुकरण निष्फळ होईल.

राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते आणि उत्तम वळूंची निवड होते. ही परंपरा मोलाची आहे. तथापि खाचरात पॉवर टिलर उतरला की बैल अनावश्यक होतो, आणि बैल गेल्यावर केवळ तुटपुंज्या दुधासाठी गाय पोसणे डोंगरातील कुटुंबास परवडत नाही. म्हणून संरक्षणाचा विचार कळपापासून नव्हे, खाचरापासून आरंभिला पाहिजे. ज्या वंशाचे नावच भूमीचे आहे, तो त्या भूमीवरील कामापासून तोडून शासकीय गोठ्यात राखला, तर नाव उरेल. नावाचा अर्थ उरणार नाही.